अंबाडीचा डबा

डब्यात हात घातला आणि बोटांना जे लागलं ते बी नव्हतं.

दुपारची वेळ होती. धाकटा भाऊ धम्मदीप ऑफिसला गेला होता, त्याची बायको मुलीला शाळेतून आणायला गेली होती, आणि पंचफुला मावशी पुढच्या खोलीत पंख्याखाली पाय पसरून बसली होती. परभणीच्या त्या स्वयंपाकघरात मी एकटी होते. इंग्लंडला, लेस्टरला परत जाताना तिथल्या शेजारणीसाठी, नसीमासाठी अंबाडीचं बी न्यायचं म्हणून मांडणीवरून डबा काढला. आई बी राखेत ठेवायची. राखेत घोळलं की किडत नाही. आजूबाजूचे सगळे आता धान्यात औषधाच्या गोळ्या टाकतात, पण आई पोखर्णीहून मावशीच्या चुलीतली राख आणायची, जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळायची, आणि तिच्यात अंबाडी, गवार, वाल असं ज्याचं त्याचं बी मुरवत ठेवायची. मी डब्यात न बघताच हात घातला. लहानपणीची सवय. त्या मऊ राखेत बोटं फिरवली की बी आपणहून बोटांना लागतं, गुळगुळीत, कोपरे असलेलं. आज लागलं ते खरखरीत होतं, आणि हलकं. उजेडात धरलं. पांढरा तुकडा, नखाएवढा, बारीक छिद्रांचा, एका कडेला निळसर. चुन्याचा खडा असेल असं आधी वाटलं. आईनं आता राखेत चुना मिसळायला सुरुवात केली असेल, म्हातारपणी माणूस काहीही सुरू करतं, असंही वाटलं. मग मी तो तुकडा अगदी हळू परत राखेत ठेवला, झाकण लावलं, आणि हात धुतले. हात धुऊन झाल्यावर लक्षात आलं की मी काय धुतलं. पाणी सिंकच्या जाळीतून गेलं होतं. खाली पाइप, पाइपातून मागची नाली, नालीच्या कडेनं आईनंच लावलेली कर्दळ. मी ओले हात तसेच धरून उभी राहिले. ते पुसायचे कशाला, हे मला ठरवता येईना.

कारण आदल्याच दिवशी आम्ही आईला वालूरला ठेवून आलो होतो. घरापुढच्या मांडवात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, पुढच्या रांगेतल्या पुरुषांनी आईच्या कार्याविषयी भाषणं केली, आणि जेवणं उरकल्यावर आम्ही गाडी करून वालूरच्या शेतावर गेलो. तिथं बांधाच्या कडेला बाबांचा पिंपळ आहे. बाबा, म्हणजे किशनराव, गेले तेव्हा त्यांची राख खड्ड्यात घालून धम्मदीपनं तो लावला होता. आता तो माणसापेक्षा उंच झालाय. त्याच्या शेजारी नवा खड्डा खणून ठेवला होता, रोप पिशवीतच होतं. भुरभुर पाऊस होता. बाबांचे चुलतभाऊ दत्तराव काका माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे होते आणि ती सारखी धम्मदीपकडं कलत होती. धम्मदीपनं डब्याचं झाकण काढलं, तोंड फिरवलं, आणि म्हणाला, ‘‘ताई, आधी तू टाक. तुझ्यासाठीच थांबलो होतो.’’ मी मूठ भरली. राख इतकी मऊ होती की मला आश्चर्य वाटलं. तिच्यात मधेमधे कठीण कण लागत होते, गुळगुळीत, आणि मला वाटलं, ही हाडं. आईची हाडं एवढी बारीक, एवढी गुळगुळीत कशी, असं वाटलं, आणि ते वाटणंही मी मुठीत घट्ट धरलं, कारण आई गेल्यापासून तिच्याविषयी मला खात्रीनं काही वाटलं असेल तर तेवढंच. मी मूठ उघडली. बाकीची राख धम्मदीपनं रोपाच्या बुडाशी गोल फिरवून टाकली, वरून फुलं, वरून माती. परतीच्या वाटेवर माझ्या नखात एक काळपट दाणा अडकलेला दिसला, तो मी रुमालाच्या टोकानं काढला आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. आता दुपारच्या उजेडात तो रुमाल उघडला. कोपरे असलेला, तपकिरी, अंबाडीचा दाणा.

आईच्या शेवटच्या वेळेला मी नव्हते. तिकिटं मिळेपर्यंत सगळं झालं होतं. अंत्यविधी मी फोनवर पाहिला. कुणीतरी हातात फोन धरला होता, त्या माणसाला आपण काय दाखवतोय याचं भान नसावं, कारण मला बराच वेळ आभाळ दिसलं, मग कुणाचं तरी कोपर, मग पांढऱ्या कपड्यांची पाठमोरी गर्दी, आणि पुन्हा आभाळ. लेस्टरमध्ये तेव्हा सकाळ होती, मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकांच्या ट्रॉलीला टेकून उभी होते. आवाज मात्र स्पष्ट येत होता. बुद्धं सरणं गच्छामि, आणि त्याच्या मधूनच कुणीतरी म्हणालं, ‘‘चपला इकडं ठिवा रे.’’ त्या फोनमुळे असेल, मला अजूनही आई गेली असं वाटत नाही. कुणीतरी फोन नीट धरला नाही, एवढंच वाटतं. एरवी आठवड्यातून दोनदा मी धम्मदीपला फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, आई कुठंय? त्याचं उत्तरही ठरलेलं. ‘‘हाय की घरीच. कामात हाय.’’ आणि मागून कूकरची शिट्टी नाहीतर सुपाचा आवाज यायचा. आई फोनवर यायची ती हात पुसत, आणि हात पुसण्याचा आवाजही मला यायचा असं मला वाटायचं.

मी डबा घेऊन पुढच्या खोलीत गेले. ‘‘मावशी, आईच्या राखेचं मडकं तू काढलंस का?’’

‘‘कवाचं इचारायलीस? ते तडकलं व्हतं माय. पावसाची वल धरली त्यानं. मनलं, सांडंल, मनून डब्यात भरली.’’

‘‘कोणत्या डब्यात?’’

‘‘तिच्याच की. नाव हाय त्याच्यावर तिचं.’’

‘‘सगळ्याच डब्यांवर तिचं नाव आहे, मावशी.’’

ते खरं होतं. आई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा विहाराच्या महिला मंडळानं तिला सारख्या मापाच्या स्टीलच्या डब्यांचा संच दिला होता, आणि भांडीवाल्याकडून प्रत्येक झाकणावर ‘धम्मशीलाबाईंना सप्रेम भेट’ असं कोरून घेतलं होतं. स्वयंपाकघरात साखरेवर आई, तुरीच्या डाळीवर आई, शेंगदाण्यावर आई. आम्ही हसायचो. मावशीला वाचता येत नाही. पण हे शब्द तिला चेहऱ्यासारखे ओळखू येतात; बोट ठेवून ती म्हणते, ही माझी बहीण. दोघी बहिणींतही एक गंमत आहे. मावशी दीक्षेच्या आधीची, म्हणून पंचफुला. आई दीक्षेनंतरची, म्हणून धम्मशीला. एकाच आईच्या पोटच्या, मधे सगळं बदललं.

मावशीनं माझ्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी झाकण काढून तिच्यापुढं धरलं. तिनं बोट घातलं नाही, नुसतं वाकून बघितलं.

‘‘आन् काल तिकडं काय गेलं मग?’’

‘‘अंबाडीची राख.’’

‘‘मंजी माझ्या चुलीतली?’’

मी मान हलवली. मावशीनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ‘‘किशनरावाच्या बाजूला माझी चूल गेली मनायची,’’ ती म्हणाली, ‘‘आता बस मना तिच्यासंगं भांडत.’’ ती हसत होती. हसता हसता पदर डोळ्यांना गेला आणि तिथंच राहिला, आणि मी तिच्याजवळ डबा मांडीवर घेऊन बसले, कारण तो खाली ठेवावा की वर ठेवावा हे मला कळेना.

‘‘दीपूला सांगायचं का?’’ मी विचारलं.

‘‘सांग. न्हाईतर नको सांगू. मला कामून इचारतीस? एवढी बुकं वाचलीस.’’ आणि थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, ‘‘तिला वालूरला जायचंच नव्हतं बग. मनूनच चुकले आसंल मी.’’

आई वालूरला कधी राहिली नाही हे मला माहीत होतं. त्याला काही अर्थ आहे हे माहीत नव्हतं. लग्नकार्याला, मयताला ती जायची, सगळ्यांशी नीट बोलायची, ताटं वाढायची, आणि शेवटच्या गाडीनं परत. पेपर तपासायचेत, उद्या शाळेत तपासणी आहे. सुट्टीतही तिला पेपर तपासायचे असायचे. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा ती संध्याकाळी परभणीला परतली होती, आणि आम्हाला वाटलं होतं, तिला त्या जागी राहवत नसेल, दुःखानं. घरात सांगितली जायची ती गोष्ट सोपी होती. बाबांना परभणीला कारकुनाची नोकरी लागली, मग आपण सगळे परभणीला आलो. या गोष्टीत आई कुठं बसलेली असायची ते मी कधी विचारलं नाही. सामानाबरोबर असेल.

मावशीनं त्या दुपारी जी सांगितली त्या गोष्टीत बाबा नव्हतेच. आईचं मास्तरीण होण्याच्या कोर्सला नाव लागलं होतं, परभणीला. वालूरच्या घरानं सांगितलं, पोरगी पदरात आहे, आता कशाचं शिकणं. भांडण नाही, मारहाण नाही. नुसतं ‘नाही’ म्हणाले आणि तिच्या ट्रंकेला कुलूप घातलं. ‘‘कुलूप कामून घालावं?’’ मावशी म्हणाली, जणू ते आत्ताच घातलं होतं. ‘‘ती काय ट्रंकेत व्हती का?’’ आईनं ट्रंक सोडली. एका सकाळी शेतात जाते म्हणून निघाली, कडेवर मी, हातात भाकरीची दुरडी. सेलूला गेली असती तर स्टेशनवर, स्टँडवर सगळे ओळखीचे. तासाभरात माघारी आणली असती. म्हणून ती परभणीच्या उलट्या दिशेनं गेली. कापसाच्या एका ट्रकमध्ये बायामाणसं बसली होती, त्यांच्यात बसली, आणि देवगाव फाट्याला उतरली. तिकडून जिंतूरवरून लांबच्या वळणानं परभणी. फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकड्यावर गाडीची वाट बघत बसली तेव्हा हॉटेलवाल्यानं विचारलं, बाई, कुणीकडली? तिनं सांगितलं, पोखर्णीची. कुठं चाललाव? पोखर्णीला. ‘‘खोटं बोलली,’’ मावशी म्हणाली. ‘‘खरं बोलायला तिला तवा गावच न्हवतं. वालूर सुटलं, परभणी घावली न्हाई. मग माहेरचंच सांगितलं. चा बी उधार पेली.’’ आणि मावशी पुन्हा हसली. ‘‘तू तिच्या मांडीवर मुतलीस मनं.’’ बाबा वर्षभरानं आले. बाबा वाईट नव्हते, हे मावशीनं तीनदा सांगितलं. नोकरी परभणीला लागली की त्यांनी शोधून लावून घेतली, हे तिलाही माहीत नव्हतं. ‘‘आला बिचारा. यायला लाज लागती की.’’

म्हणजे देवगाव फाट्यावर मीही होते. मला काहीच आठवत नाही, आठवणार कसं, पण ते ऐकल्यापासून माझ्या मांडीला एक ओल लागलेली आहे असं वाटत राहिलं, आणि मी दोनदा उठून पातळ तपासलं. मला लेस्टर आठवलं. आई माझ्याकडं आली होती ते वर्ष. ग्रंथालयात शनिवारी बायकांची बैठक भरते, ती मीच भरवते. आपापल्या देशातून आलेल्या बायका गोल बसतात आणि एकेक जण आपण इथं कशी पोचलो ते सांगते. बांगलादेशातल्या सिल्हेटची नसीमा सांगते, लग्नानंतर विमानात तिला कुणीतरी स्वेटर दिला आणि तो कुणी दिला हे तिला आजही माहीत नाही. श्रीलंकेतल्या जाफन्याची एक जण सांगते आणि मधेच थांबते, मग आम्ही चहा करतो. त्या दिवशी आई माझ्याशेजारी पांढऱ्या पातळात, वरून माझा कोट घालून बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती शाळेत परिपाठाला उभी राहावी तशी उठून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. मला म्हणाली, ‘‘सांग त्यांना. मी वालूरहून परभणीला आले.’’ मी वाट पाहिली. पुढं काही आलं नाही. ‘‘एवढंच?’’ ‘‘एवढंच.’’ मी इंग्रजीत सांगितलं, आणि बायकांना समजावं म्हणून पदरचं जोडलं की हे अंतर मोटारीनं दीड तासाचं आहे, आणि माझी आई इथं फक्त पाहुणी म्हणून आली आहे, तिनं कधी आपला मुलूख सोडलेला नाही. सगळ्या प्रेमानं हसल्या. आईही हसली. इंग्रजी तिला थोडं कळायचं. आकड्यांचं तर नक्कीच. घरी येताना बसच्या वरच्या मजल्यावर बसून ती बाहेर बघत म्हणाली, ‘‘तुझ्या त्या सगळ्या बायकांत माझंच गाव लांब होतं.’’ मला वाटलं ती थकली आहे. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आपला थांबा आला का ते बघत राहिले.

आणि नसीमाचा वाफा. लेस्टरमध्ये लोकांना नगरपालिकेकडून भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्यानं मिळतात. नसीमाचा तुकडा रेल्वेच्या कुंपणाला लागून आहे. आईनं ब्लाउजच्या पिशवीतून अंबाडीचं बी आणलं होतं, राखेसकट. नसीमानं ते हातावर घेतलं आणि ओरडलीच. तिच्याकडंही हीच भाजी, तिचं नाव वेगळं, माशात घालतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई मराठीत बोलायची, नसीमा सिल्हेटीत, आणि काम मात्र बरोबर व्हायचं. मी मधे दुभाषी म्हणून उभी, मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या मातीत गुडघे टेकून बसल्यावर आई म्हणाली होती, ‘‘इथं बरंय.’’ फक्त तेवढंच. कशाला बरं? वाफ्याला? बसायला? की आणखी कशाला? मी तेव्हा विचारलं नाही, आणि आई गेल्यापासून हे दोन शब्द माझ्यापुढं फिरतात. वालूरला जाताना गाडीतही मी हेच घोकत होते. धम्मदीप म्हणाला होता, बाबांच्या शेजारी, आणि मी हो म्हटलं होतं, कारण मुलगा तिथं होता, त्यानं औषधपाणी केलं, त्यानं मडकं जपलं. मी आभाळ पाहिलं. हो म्हणताना माझ्या मनात दुसरी जागा नव्हती असं नाही. पण परक्या देशातल्या भाड्याच्या वाफ्याचं नाव मी कुठल्या तोंडानं घेणार होते? आई स्वतः असती तर तिनं हा विषयच उडवून लावला असता. ‘‘मेल्यावर माणूस कुठं जात-येत नसतं,’’ ती वर्गात सांगायची तसं सांगायची. ‘‘जाणं-येणं सगळं जितेपणी.’’ मग हा डबा मांडीवर घेऊन मी कशासाठी बसले होते? तिच्या मते माझ्या मांडीवर काहीच नव्हतं. आणि माझ्या मते काय होतं, ते मला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी धम्मदीप आला. शर्टाची बटणं सोडत स्वयंपाकघरात आला, मांडणीवरून पाण्याचा तांब्या घेतला. तांब्याच्या शेजारीच मी डबा परत ठेवला होता, साखरेच्या आणि डाळीच्या मधे, कारण घरात दुसरी कुठली जागा त्याला शोभेना.

‘‘शनिवारी जाऊन जाळी बसवून येतो,’’ तो म्हणाला. ‘‘शेळ्या लय हायेत तिकडं. बाबांचा पिंपळ दोनदा खाल्ला व्हता त्यांनी.’’

‘‘दीपू,’’ मी म्हटलं.

‘‘आं?’’

‘‘काही नाही. चहा ठेवू?’’

‘‘ठेव. आलं टाक थोडं.’’ तो ओट्याला टेकून उभा राहिला. धम्मदीप चेष्टेखोर आहे, पण आई गेल्यापासून त्याची चेष्टा अर्धवट राहायची. ‘‘ताई, मला आता झोप लागायलीय. खरं सांगतो. ते मडकं घरात होतं तवर मी टक्क. वाटायचं, आईला आपण मधेच कुठंतरी थांबवून ठेवलंय, स्टँडावर बसवल्यासारखं. काल मोकळा झालो. बाबांच्या बाजूला गेली, आता तिला कुणाची फिकीर न्हाई.’’ आणि त्यानं चहाच्या साखरेसाठी डबा काढला. एक क्षण त्याचा हात मधल्या डब्यावर गेला. मग साखरेवर गेला. मी श्वास सोडला तो त्याला ऐकू गेला असावा, कारण तो म्हणाला, ‘‘काय गं? साखर मी कमीच घालतो आता. तुझी भावजय बघती.’’ मी हसले. सांगायचं होतं ते चहाबरोबर उकळून खाली बसलं. पुढचे काही दिवस मी त्याच्यासमोर मांडणीकडं पाठ करून बसायची.

मावशी मधे पोखर्णीला जाऊन आली. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. ‘‘तुझ्या त्या शेजारणीला बी पायजे मनलीस ना. पार्वतीबाईकडून मागून आणलं. तिची अंबाडी लय चांगली, लाल देठाची.’’ तिनं पाय धुतले, पाणी प्यायली, थेट स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तेव्हा तिनं मांडणीवरून बरोबर तोच डबा काढला होता. झाकण उघडलं, फडकं सोडलं, आणि बी सरळ डब्यात ओतलं.

‘‘मावशी!’’

‘‘काय झालं?’’

‘‘मावशी, ती आई आहे.’’

‘‘मालूम हाय मला कोण हाय ती.’’ तिनं झाकण लावलं, वर तळहात दाबला, आणि डबा दोन्ही हातांनी उचलून हलवायला लागली. आई हलवायची तसा, कानाजवळ धरून, मान थोडी वाकडी. आतून आधी मोठा खळखळ आवाज आला, मग राख बियांवर बसत गेली तसा तो बारीक होत गेला. ‘‘राखंत ठिवल्यालं बरं. न्हाईतर तिकडं जायच्या आधी किडं लागतेत.’’

‘‘पण असं कसं...’’

‘‘मग काय करंल ती? नुसती बसंल व्हय डब्यात? बसून कवा ऱ्हायली का ती?’’ मावशीचा आवाज चढला होता. डबा हलवायचं तिनं थांबवलं नाही. ‘‘तुमी लोक एक तिला वालूरला नेतंय, एक लंडनला न्यायचं मनात घिऊन बसलंय. मला दिसत न्हाई व्हय? तिला इचारलं का कुणी? तिच्या हाताला काम द्या. पुढं ती जाईल आपल्या पायानं, बियासंगं. जिकडं पेरताल तिकडं.’’

मी तोंडावर हात ठेवला. मावशी डबा हलवत होती. त्या आवाजाला मी ओळखत होते. फोनवर, मागून, कितीतरी वर्षं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शनिवार होता, धम्मदीप जाळी घेऊन वालूरला गेला होता. वारा इतका होता की त्याचं पहिलं वाक्य मला कळलंच नाही.

‘‘...उगवलंय ताई. आईच्या रोपाभोवती. गोल. परवा पाऊस पडला ना, त्यानं. दत्तराव काका मनायलेत अंबाडी हाय.’’

मागून दत्तराव काकांचा आवाज आला, ‘‘अंबाडीच हाय ती! मला शिकिवतो का?’’

‘‘काका कसम खायलेत, कुणी पेरली न्हाई मनून. उपटायची मनतेत, रोपाचं खत खाईल. उपटू का?’’

‘‘नको,’’ मी म्हणाले. ‘‘येऊ दे. बी धरू दे.’’

‘‘पण आली कुठून ताई?’’ त्याचा आवाज लहान झाला होता. तो रडत होता, आणि आपण रडतोय याचाच त्याला राग येत होता. ‘‘आईला असलं काही पटायचं न्हाई. मला बी न्हाई पटत. पण बरोबर राख टाकली तिथंच, तेवढीच गोल...’’

मी मावशीकडं पाहिलं. ती थांबली होती, डबा छातीशी धरून.

‘‘दीपू, आई बी कशात ठेवायची?’’

तो म्हणाला, ‘‘राखंत.’’ आणि मग फक्त वारा. मला वाटलं फोन कटला. मला वाटलं, तो आता माझ्यावर ओरडेल, मावशीवर ओरडेल, आणि ते बरोबरच असेल. त्याची झोप मी काढून घेतली होती. त्यानं नाक ओढलं. फोन जवळ घेतला असावा, कारण वारा एकदम कमी झाला.

‘‘मग आई कुठंय?’’

मावशीनं झाकण पुन्हा दाबून बघितलं आणि डबा हलवायला घेतला.

‘‘आहे की घरीच,’’ मी म्हणाले. ‘‘कामात आहे.’’